‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे पेटणारेच!

महोदय,

कालच्या पुरवणीतले इंग्रजी शब्दांचे सदर वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ‘इग्नाइट’, ‘किंडल’ यांचे अर्थ ठीक दिलेत, पण ‘फ्लेमेबल म्हणजे ज्वालाग्राही आणि इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारे’ हे वाक्य तुमच्याकडे एकालाही खटकले नाही? दोन्हींचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारे. इथला ‘इन’ नकाराचा नव्हे. लॅटिनमध्ये ‘इन्फ्लामारे’ म्हणजे पेटवणे, त्यातून हा शब्द आला. न पेटणाऱ्याला ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणतात. नेमका हाच घोळ होतो म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकातच ‘फ्लेमेबल’ वापरा असा आग्रह धरला.

मी एकतीस वर्षे अंबरनाथच्या एका कारखान्यात काढली. १९८८ साली रंगखात्यात एक नवा हेल्पर आला. दहावी झालेला, इंग्रजी वाचता येते म्हणून सगळ्यांना त्याचे कौतुक. थिनरच्या डब्यावरचे ‘इन्फ्लेमेबल’ त्याने वाचले आणि ‘करेक्ट’चे ‘इनकरेक्ट’, तसेच हे, असे धरून चालला. झाकण उघडे टाकून ब्रश धूत बसला. पलीकडे ग्राइंडर सुरू होता. थिनरमध्ये ठिणगी पडावी लागत नाही हो, आधी त्याची वाफ पेटते. भप्पकन आवाज झाला आणि पोराचे दोन्ही हात पेटले. गोणपाट टाकून मी ते विझवले. डाव्या हाताची बोटे पुढे कधी पुरती मिटली नाहीत. दवाखान्यात तो मला म्हणाला, “साहेब, डब्यावर तर ‘इन’ लिहिलं होतं.” पहिल्याच दिवशी त्याला डब्याजवळ नेऊन मी हे सांगायला हवे होते. ते राहून गेले, आणि आजही मनाला लागते.

माझी नात तुमचे सदर कापून वहीत चिकटवते. कालचेही चिकटवले होते. मी त्यावर लाल पेनाने काट मारली, पण बाकीच्या मुलांच्या वह्यांचे काय? उद्या ती पेट्रोलच्या टँकरवरची ‘हायली इन्फ्लेमेबल’ ही पाटी वाचून काय समजतील?

त्याच अंकात पाचव्या पानावर मथळा आहे, ‘दुकानाची जाळपोळ’. आत बातमीत कारण दिले आहे शॉर्टसर्किट! जाळपोळ म्हणजे इंग्रजीतले ‘आर्सन’, मुद्दाम लावलेली आग. दुकानाला आग लागली असेल तर ‘लागली’ म्हणा. ‘लागली’ आणि ‘लावली’ यांत अक्षर एकच बदलते, पण दुसऱ्या शब्दाने कुणावर तरी गुन्ह्याचा संशय येतो. आधीच सगळे गमावलेल्या त्या दुकानदाराला आता शेजारीपाजारीही विचारत बसतील, कुणी लावली म्हणून.

दोन्ही चुकांची दुरुस्ती छापावी. सदराची तरी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, येत्या रविवारीच. कोपऱ्यातली दोन ओळींची दिलगिरी मुले कापून ठेवत नाहीत.

आपला,
एक निवृत्त फोरमन, अंबरनाथ