धरमपेठेतल्या वाचनालयातल्या ताईंना

ताई, नमस्कार.

मे महिन्यातली ती दुपार तुम्हाला आठवत नसेल. मी पुस्तकासाठी कमी आणि तासभर घराबाहेर काढायला जास्त आले होते. सकाळीच सासूबाईंनी सुनावलं होतं, "कूलरमध्ये पाणी कोण टाकणार? तुझ्या माहेरचे येऊन राहिले का?" मी बडबडत राहिले. तुम्ही उठून कपाटातून एलिझाबेथ स्ट्राउटचं 'ऑलिव्ह किटरिज' काढलंत. "ही पण रिटायर्ड गणिताची बाई आहे," एवढंच म्हणालात.

2008 सालचं पुस्तक, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालेलं. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं एक काल्पनिक गाव आणि एकमेकींत गुंतलेल्या तेरा कथा. काही कथांत तर ऑलिव्ह नुसती येऊन जाते; गोष्ट दुसऱ्याच कुणाची असते. आणि ते मुलाच्या लग्नाचं प्रकरण! नवी सून आपल्या ड्रेसला नावं ठेवते आहे हे ऑलिव्हच्या कानावर पडतं. मग ती सुनेच्या स्वेटरवर मार्करची रेघ ओढते, एक ब्रा आणि एकच बूट पर्समध्ये घालून निघते. एकच! खरं तर मी सुनेच्या बाजूनं वाचायला हवं होतं. पण मी सासूच्या बाजूनं हसत सुटले.

त्यानंतर एकदा इस्त्रीवाल्या भाऊंना सहज विचारलं, आमच्या मॅडम, म्हणजे सासूबाई, तुम्हाला कशा वाटतात? ते म्हणाले, "पोरगा रडत जाये त्यांच्याकडं. पण दहावीत गणित निघालं त्याचं. पैशाचं नाव काढलं तर माझ्यावरच खेकसल्या." अकरा वर्षं मी या घरात आहे, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मीही कधी विचारलं नव्हतं म्हणा.

घरात तसा काही फरक नाही. कालच माझ्या वरणावर शेरा मिळाला.

पुस्तकाबद्दल मनापासून आभार. तीन आठवडे उशीर झालाय, दंड भरते. आणखी एक कबुली: लग्नाच्या त्या पानावर पेन्सिलनं बरोबरची खूण आहे, शाळेच्या वहीत करतात तशी. ती मी केलेली नाही.

तुमची,
महालातली वाचक