पिन कापू नका, टॉप बदला

संपादक महोदय,

पोळा-गणपती जवळ आले की घरोघरी अ‍ॅम्प्लिफायर बाहेर निघतो आणि नेहमीचा जुगाड सुरू होतो: टू-पिनचा बोर्ड, म्हणून थ्री-पिन टॉपची जाड पिन कापायची, नाहीतर उघड्या वायरी आगकाडीने सॉकेटात खोचायच्या. ती जाड पिन अर्थिंगची. ती गेली की बॉडीला हात लावताच झिणझिण्या येऊ शकतात, कधी जिवावरही बेतते.

५०० वॅट ओढणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला २३० व्होल्टवर सुमारे सव्वादोन अँपिअर लागतात. ६ अँपिअरचा थ्री-पिन आयएसआय टॉप आणि तसेच सॉकेट त्याला पुरते. मागे कॉम्प्युटरसारखे तीन पिनांचे सॉकेट असेल तर सी-१३ केबल घ्या, तांब्याची, किमान ०.७५ चौरस मिलिमीटर. सोन्याच्या मुलाम्याची महागडी पिन घेऊन आवाज सुधारत नाही; तो पैसा स्पीकरवर लावा.

खरा घोळ टॉपच्या आत होतो. वायरीचे टोक पीळ देऊन स्क्रूखाली घट्ट बसवा, एकही तार बाहेर नको. टोकाला कथील लावू नका. दाबाखाली ते हळूहळू सरकते, स्क्रू सैल पडतो, टॉप तापून काळा पडतो. हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे ओढ बसली तर ती शेवटी निघेल. क्लॅम्प बाहेरच्या आवरणावरच आवळा.

आणि आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा.

– एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती