खेळाडूच्या कराराची मुदतही छापावी

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या काही वर्षांत आपल्या क्रीडापानावर महिला फुटबॉलला बरी जागा मिळू लागली आहे आणि मी ती पाने कात्रणे काढून ठेवण्याइतक्या आवडीने वाचते. मात्र या बातम्यांतून व्यावसायिक महिला फुटबॉलपटूच्या कारकिर्दीचे जे चित्र उभे राहते, ते गोल, पुरस्कार आणि ट्रान्स्फरच्या (एका क्लबाने दुसऱ्याकडून खेळाडू घेताना मोजलेल्या) रकमा यांपुरतेच राहते. मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट असून वीस वर्षे खेळाडूंच्या गुडघ्यांवर काम करते आहे. त्यामुळे ही कारकीर्द मला प्रेक्षागारातून कमी आणि उपचाराच्या टेबलाशी उभी राहून अधिक दिसली आहे, आणि तेथे खेळाडूच्या तोंडी सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द ‘करार’ हा असतो. आपल्या बातम्यांत तो क्वचितच सापडतो, म्हणून हे पत्र.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेची बचावपटू नाओमी गिर्मा हिला इंग्लंडच्या चेल्सी क्लबाने घेतले, तेव्हा दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीची ती पहिलीच महिला फुटबॉलपटू ठरली. ही बातमी ठळक छापली जाणे योग्यच होते. परंतु महिला क्लब फुटबॉलविषयीच्या फिफाच्याच अहवालात खेळाडूंचा सरासरी वार्षिक पगार सुमारे १०,९०० डॉलर इतकाच निघाला, ही गोष्ट तिच्या शेजारी कुठे दिसली नाही. या पगारात खोलीचे भाडे भागवून, उरलेल्या वेळात दुसरी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून सरावाला उभी राहणारी खेळाडू ही या पेशातली नेहमीची खेळाडू आहे.

अशीच एक बचाव फळीतली मुलगी शस्त्रक्रियेनंतर माझ्याकडे आली होती. सामन्यात तिला कोणी धक्काही दिला नव्हता. धावता धावता ती वळली, बुटाच्या तळाचे खुंट, म्हणजे स्टड, गवतात रुतून राहिले, पाऊल जागच्या जागी आणि गुडघा आत, आणि कोणीतरी काडी मोडावी तसा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध, ज्याला खेळाडू नुसते ‘एसीएल’ म्हणतात, तुटला होता. पहिल्या आठवड्यातला व्यायाम बघणाऱ्याला व्यायाम वाटतही नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि मांडी आवळून ती खाली दाबायची, एवढेच. नव्वद मिनिटे धावणारी ती मुलगी स्वतःच्या मांडीकडे डोळे लावून बसली होती आणि मांडीचा स्नायू हलायला तयार नव्हता. मी टेपने दोन्ही मांड्यांचे माप घेत असताना तिने विचारले, “ताई, जूनअखेर करार संपतोय. तोवर मी खेळताना दिसले पाहिजे. होईल ना?” शस्त्रक्रिया नोव्हेंबरमध्ये झाली होती. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्या खेळाडूंमध्ये पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण बरेच जास्त असते, हे मला माहीत होते आणि तिलाही. नोव्हेंबरपासून नऊ महिने मोजले की ऑगस्ट येतो. उपचार ऑगस्टपर्यंत थांबा म्हणत होता आणि करार जूनमध्ये संपत होता, आणि या दोन महिन्यांचा निर्णय तिला एकटीने घ्यायचा होता.

ही दुखापत स्त्री-खेळाडूंना पुरुषांपेक्षा बरीच अधिक होते, यावर वैद्यकीय संशोधनात फारसे दुमत नाही. इंग्लंडच्या आर्सेनल क्लबाच्या महिला संघाने २०२२-२३ या एकाच हंगामात बेथ मीड, विवियाने मिडेमा, लिया विल्यमसन आणि लाउरा विनरॉइथर या चौघींना याच दुखापतीने गमावले. बॅलन डी’ऑर हा वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार जिंकणारी पहिली महिला, नॉर्वेची आडा हेगरबर्ग जानेवारी २०२० मध्ये जायबंदी झाली ती थेट ऑक्टोबर २०२१ मध्ये परतली. कारण सांगताना लेखांतून बहुधा शरीररचना आणि संप्रेरके यांच्यावर बोट ठेवले जाते. त्यात तथ्य असले, तरी बूट बहुतांशी पुरुषांच्या पायाच्या साच्यावर बेतलेले असतात, कमी पैशाच्या क्लबांत पूर्ण वेळ फिजिओ नसतो, मैदान हलक्या प्रतीचे असते आणि ताकदीचा व्यायाम मुलींना उशिरा शिकवला जातो, या गोष्टी बदलता येण्याजोग्या आहेत. त्या लिहिल्या गेल्या नाहीत तर दोष शरीराचाच, असे मुलींनाही वाटू लागते. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकींना ते वाटते आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

कराराचा प्रश्न केवळ लहान खेळाडूंचा आहे, असा समज होऊ नये म्हणून ब्राझीलच्या मार्ताचे उदाहरण देते. विश्वचषकात १७ गोल आणि फिफाचा सर्वोत्तम खेळाडूचा मान सहा वेळा, हे तिच्याविषयी नेहमी सांगितले जाते. २००९ मध्ये, जगातली सर्वोत्तम खेळाडू असताना, ती अमेरिकेच्या नव्या व्यावसायिक लीगमध्ये लॉस एंजेलिसच्या संघाकडून खेळली. एका हंगामानंतर तो क्लब बंद पडला. २०१० मध्ये ती त्याच लीगमधल्या एफसी गोल्ड प्राइडकडे गेली आणि त्या संघाने अजिंक्यपद जिंकले; काही आठवड्यांतच तोही बंद झाला. २०११ मध्ये तिसऱ्या संघासह तिने पुन्हा अजिंक्यपद मिळवले आणि त्यानंतर ती लीगच गुंडाळली गेली. मग स्वीडनचा ट्यूरेसो क्लब आला. मे २०१४ मध्ये या क्लबाने चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा, अंतिम सामना खेळला, मार्ताने त्यात दोन गोल केले, संघ ३-४ असा हरला, आणि पुढच्याच महिन्यात पैशाअभावी क्लबाने हंगामातूनच माघार घेतली. जगात तिच्याहून चांगले कोणी खेळत नसतानाही तिच्या पायाखालची नोकरी अशी पुनःपुन्हा निघून जात होती. २०२४ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ऑर्लँडो प्राइडसह तिने अमेरिकेतले अजिंक्यपद मिळवले, तेव्हा त्या क्लबात तिला सात वर्षे सलग काढता आली होती. मला त्या चषकापेक्षा या सलग सात वर्षांचे मोल अधिक वाटले.

हे क्लब इतके ठिसूळ का, याचे उत्तर बऱ्याच अंशी इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये डिसेंबर १९२० मध्ये महिलांच्या एका सामन्याला ५३,००० प्रेक्षक आले होते. पुढच्याच वर्षी तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदाने महिलांना बंद केली, ती बंदी अर्धशतक टिकली. खुद्द ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत कायद्याने बंदी होती आणि ती उठल्यानंतर सात वर्षांनी मार्ता जन्मली. प्रेक्षक, मैदाने आणि पैसा पिढ्यान्‌पिढ्या साठत जाण्याची संधी ज्या खेळाला मिळालीच नाही, त्याला आज ‘स्वतःच्या उत्पन्नावर उभा राहा’ असे सांगणे मला न्यायाचे वाटत नाही.

मातृत्वाचा मुद्दा थोडक्यात मांडते. जानेवारी २०२१ पासून फिफाच्या नियमानुसार खेळाडूला किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा आणि त्या काळात किमान दोन तृतीयांश पगार मिळतो. आइसलँडची तेव्हाची कर्णधार सारा ब्यर्क गुन्नार्सडॉटिर हिला गरोदरपणात फ्रान्सच्या ल्यों क्लबाकडून पूर्ण पगार मिळाला नाही, तेव्हा ती खेळाडूंच्या संघटनेच्या मदतीने फिफाच्या न्यायाधिकरणापर्यंत गेली आणि २०२२ मध्ये क्लबाला तिचे ८२,००० युरोंहून अधिक द्यावे लागतील असा निकाल लागला. तिच्यामागे संघटना होती आणि नाव होते. माझ्या टेबलावर येणाऱ्या मुलींपैकी अनेकींना हा नियम अस्तित्वात आहे हेही ठाऊक नसते, आणि वर्तमानपत्राने तो छापला तर तो त्यांच्यापर्यंत पोहोचेल.

माझी विनंती एवढीच आहे की, आपण एखाद्या महिला फुटबॉलपटूची ओळख छापाल तेव्हा गोलांच्या आकड्याखाली चार ओळी आणखी असाव्यात: तिचा करार किती वर्षांचा आहे, दुखापतीच्या काळात पगार चालू राहतो का, उपचारांचा खर्च कोण करते आणि खेळ थांबल्यावर तिच्या हाती काय राहते. ही माहिती क्लबाला आणि खेळाडूला विचारावी लागेल. क्लबाने ती दिली नाही, तर ‘माहिती दिली नाही’ एवढे जरी छापले तरी चालेल.

वर सांगितलेली ती मुलगी जूनमध्ये उतरली नाही, मी सांगितले म्हणून थांबली. करार वाढवून मिळाला नाही. ऑगस्टमध्ये गुडघा पूर्ण बरा झाला आणि ती गेले काही महिने चाचणीसाठी एका क्लबातून दुसऱ्या क्लबात स्वतःच्या खर्चाने जात आहे.

आपली,
एक वाचक, फिजिओथेरपिस्ट