एचपी-२५ तुझ्याकडेच राहू दे

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

कपाट आवरायला घेतलं तर एचपी-२५ कॅल्क्युलेटरची केस रिकामी. नेलास ते बरंच केलंस, मागितला असतास तरी नाही म्हटलं नसतं. एकच सांगते आणि विषय संपवते. बॅटरी तपासल्याशिवाय त्याला चार्जर लावू नकोस. सेल मेलेले असले किंवा बॅटरीला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या नीट टेकत नसल्या, की चार्जरचा सगळा व्होल्टेज थेट आतल्या चिप्सवर जातो. त्या चिप्स आता कोणी बनवत नाही.

तुझी सवय माहीत आहे म्हणून म्हणते. बंद केला की प्रोग्रॅम पुसला जातो (ते दुखणं १९७६ च्या २५सी ला नाही), म्हणून तू तो रात्रभर चालूच ठेवायचास. चंद्रावर यान उतरवायचा तो खेळ! सगळ्या पायऱ्या पुन्हा दाबायचा कंटाळा. सकाळी लाल आकडे गेलेले आणि तू चार्जर शोधतोयस. तेव्हा मी घरात होते.

आणि ‘=’ चं बटण शोधून रडकुंडीला आला होतास, आठवतं? यात ते नाहीच, तीन अधिक चार करायचं तर ३, एंटर, ४, अधिक. मधुकाकांनी तर मोडका आहे म्हणून परत दिला होता. तू मात्र चार दिवसांत यात कंस का लागत नाहीत ते मलाच समजावलंस. १९७२ च्या सुरुवातीच्या काही एचपी-३५ मध्ये २.०२ चा नॅचरल लॉग घेऊन त्याच्या उलट क्रियेचं ई-एक्स बटण दाबलं की २.०२ परत येण्याऐवजी नुसतं २ यायचं, हे कळल्यावर लगेच आपल्या ३५ वर करून बघितलंस. उत्तर बरोबर आलं आणि तुझं तोंड उतरलं. चुकणारा मिळाला असता तर हवा होता ना! मी हे अजून सगळ्यांना सांगते, बाबा वैतागतात.

बाकी तिथे नीट राहा. जागरणं करू नकोस. काम कोणाचं संपत नाही, शरीर आधी संपतं. फोन उचलायला दोन मिनिटं लागतात, आणि तुझ्या वयाला आम्ही... जाऊ दे. लेक्चर नको म्हणून तर पत्र लिहायला बसले. रागावू नकोस.

पहिल्या पगारातून एचपी-१५सी घेणार म्हणालास. २०२३ मध्ये पुन्हा काढलेला तो नवा वेगवान आहे खरा. १९८२ च्या जुन्यावर इंटिग्रल लावलं की उत्तराची वाट बघावी लागते, नव्यावर लगेच येतं. मला ती वाट बघणंच आवडतं, पण तू घेतलेला मी वापरीन. त्यात दोन बटण-सेल असतात, चार्जरची भानगड नाही. तेवढंच बरं.

२५ च्या पट्ट्यांवर पांढरा-हिरवट थर दिसला तर कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लाव, पुसून कोरडं कर. खरवडू नकोस, मुलामा जातो. बॅटरीचा पॅक बाहेर काढून मीटर लाव. अडीच व्होल्टच्या आसपास हवं. आकडा किती आला ते फोन करून सांग. रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागीच असते.

तुझी,
आई