तीन पायांच्या पाहुणीला आणणाऱ्यांचे आभार

मंगळवारी आमच्या दुसरीच्या वर्गात तीन पायांची एक कुत्री आली होती. रस्त्यावरच्या अपघातातून वाचलेली. तिला स्वतःच्या खर्चाने टॅक्सी करून भांडुपहून दादरला आणणाऱ्या दोन्ही ताईंनी ‘नावं नकोत’ असं बजावलंय, म्हणून नुसतेच आभार.

तिच्या कानाची खाच बघून पोरांनी विचारलं, “कुणी चावलं?” नसबंदी झाली की ही खूण करतात, म्हणजे तिला पुन्हा पकडत नाहीत, हे ताईंनी इतकं सोपं करून सांगितलं की मलाही तेव्हाच कळलं. मग सगळ्यांना ‘झाड’ व्हायला शिकवलं: अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, हात खाली, नजर जमिनीकडे. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची, घरी लपवायचं नाही आणि लगेच डॉक्टरकडे जायचं.

मी स्वतः कुत्र्यांना घाबरते. तासभर दाराशीच उभी होते, हे पोरांनी घरोघरी सांगितलंच असेल!

पाण्याचं भांडं न सांगता आणून ठेवणाऱ्या शिपाईकाकांचेही आभार. ते भांडं आता फाटकाबाहेर असतं, भरायची पाळी वर्गाने लावून घेतलीय.