वहीवाल्या काकांना सलाम

काका,

सलाम. नाव कुठे लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं काका.

बाप्तिस्म्या-लग्नांच्या जुन्या वह्या सांभाळणाऱ्या तुमच्याकडे पोचण्याआधी, पणजीची नोंद शोधत दोन वर्षं मी दारोदार फिरले. एका कार्यालयात विचारलं, "जमिनीचा वाद आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांचा संशय उलट वाढलाच. दुसरीकडे रजिस्टरं वाळवीने खाल्ली होती म्हणे. कपाट न उघडताच कळलं त्यांना. मला सातबारा नको होता हो, आजोबांची आई हवी होती.

तिच्याबद्दल घरात एवढंच ठाऊक: १८७६-७८च्या दुष्काळात कुणीतरी तिला नाशिकला शरणपूरच्या मिशनात आणून सोडलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकली तेच हे शरणपूर. त्यांतले जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिका पालथी घालणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी-प्रवाशाच्या शवपेटीसोबत लंडनला गेले. त्यांचं नाव इतिहासात आलं. पणजीचं असलंच तर तुमच्या कपाटात. मुंबई इलाख्यातल्या नोंदींच्या नकला ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण त्या मुख्यतः साहेबांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या, दफनांच्या.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांचा रकाना कोरा निघाला. मी पिशवी उचलली. तुम्ही म्हणालात, "थांबा, लग्न बघू." १८९१. वडिलांच्या नावाच्या जागी इथेही नुसती रेघ. पण खाली तिची सही! अंगठा नाही, फुली नाही. बाळबोध अक्षर, शेवटी शेवटी वर चढत गेलेलं. माझी आईही अशीच चढती ओळ लिहायची.

तुम्ही काही बोलला नाहीत. वही माझ्याकडे सरकवलीत, "चहा सांगून येतो" म्हणालात आणि दार ओढून घेऊन गेलात. अर्धा तास. परत आलात तेही आधी व्हरांड्यात मोठ्याने खाकरून, म्हणजे मला डोळे पुसायला वेळ मिळावा.

नोंद काय, आज ना उद्या दुसऱ्या कुणी काढूनही दिली असती. पण ते खाकरणं! किल्ल्या सांभाळणाऱ्यांकडून इतकी माणुसकी मिळेल ही आशा मी सोडलीच होती. आईकडची माणसं अशी असायची, पाहुण्याच्या ताटाकडे न बघता वाढणारी.

बाकी, चहा काही आला नाही. पुढच्या खेपेला थर्मास मीच आणते.

तुमची,
शरणपूरच्या मुलीची पणती