निवासगृहांची तपासणी दिवेलागणीनंतर व्हावी

मा. संपादक यांस,

महोदय,

बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या खासगी निवासी संस्थांची तपासणी होणार असल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. तपासणी होते आहे हे चांगलेच आहे. मात्र ती आजवरच्याच पद्धतीने होणार असेल, तर तिच्यातून फारसे काही हाती लागेल असे वाटत नाही. विशेष शिक्षिका म्हणून नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही अशा पथकांबरोबर मी अनेकदा गेले आहे. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत झाले आहे की, पंधरा-वीस प्रौढ व्यक्ती जिथे कायमच्या राहतात अशा लहान निवासगृहाला पूर्वसूचना न देता आणि शक्यतो संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान भेट दिली पाहिजे.

सध्याची रीत अशी की, भेटीचा निरोप आदल्या दिवशीच पोहोचतो. पथक अकराच्या सुमारास येऊन कार्यालयात बसते, नोंदणी प्रमाणपत्र, अग्निशमनाचा ना-हरकत दाखला, हजेरीपट आणि आहार तक्ता पाहते. निवासी मंडळी इस्त्रीच्या कपड्यांत रांगेने बसून प्रार्थना म्हणून दाखवतात, चहा-पोहे होतात, शेरेबुकात ‘व्यवस्था समाधानकारक’ असा शेरा पडतो आणि गाडी निघून जाते. यात संस्थाचालक लबाडी करतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यांच्यातले कित्येक जण पदरमोड करून ही घरे चालवतात. पण सकाळी अकरा वाजता सगळे कर्मचारी जागेवर असतात. संध्याकाळी सातला मात्र वीस जणांमागे एखादीच मावशी उरते आणि पोळ्या लाटण्यापासून जेवू घालणे, ओले कपडे बदलणे आणि रात्रीच्या गोळ्या देणे इथपर्यंत सगळे तिच्याच अंगावर पडते.

गोळ्यांचेच पाहा. एका घरात औषधांची नोंदवही चाळताना रात्री साडेआठच्या रकान्यातल्या सह्या दुपारी बारालाच होऊन गेलेल्या दिसल्या. तिथल्या काही जणांना अपस्मारासाठी सोडियम व्हॅल्प्रोएट चालू होते. या औषधाची मात्रा चुकली तर झटका येऊ शकतो आणि जास्त गेली तर माणूस गुंगीत पडून राहतो. ज्याला बोलता येत नाही, तो आपल्याला गोळी मिळाली की नाही हे कोणाला सांगणार? डब्यातल्या गोळ्या मोजून नोंदीशी ताडून पाहिल्या की खरे काय ते कळते, आणि हे काम दहा मिनिटांचे आहे. त्याच घरात न्हाणीघराला आतून कडी नव्हती, दोरीवरचे टॉवेल माणसांच्या निम्म्यानेही नव्हते आणि कपड्यांचे कपाट सगळ्यांचे मिळून एकच होते. चाळिशीच्या माणसाला स्वतःचा म्हणावा असा एक शर्टही नसतो, ही गोष्ट नोंदवायला तपासणीच्या नमुन्यात रकाना नाही.

कायद्याची बाजूही पाहण्यासारखी आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ५४ नुसार मुलांच्या संस्थांना तीन महिन्यांतून किमान एकदा भेट देणे बंधनकारक आहे आणि त्या पथकात एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असावा लागतो. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की हे छत्र निघून जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये संस्थेची नोंदणी सक्तीची आहे आणि ती रद्द करण्याचीही तरतूद आहे, परंतु ठरावीक मुदतीने तपासणी झालीच पाहिजे असे त्या अधिनियमात म्हटलेले नाही. अधिनियमाच्या पहिल्या उल्लंघनाला दंड आहे तो दहा हजार रुपयांपर्यंत! मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ची यंत्रणाही इथे उपयोगी पडत नाही, कारण त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व, म्हणजेच बौद्धिक दिव्यांगत्व, वगळलेले आहे. ठाणे जिल्ह्यातील कवडास आणि पनवेलजवळील कळंबोली येथील संस्थांमधील मुलांच्या कुपोषणाची आणि अत्याचारांची प्रकरणे २०१० आणि २०११ मध्ये गाजली, मुंबई उच्च न्यायालयाने त्यांत लक्ष घातले आणि मतिमंद मुलांच्या संस्थांची चर्चा राज्यभर झाली. त्या वेळची मुले आज पंचविशी-तिशीत आहेत. त्यांच्या घरांत आता कोण डोकावते?

पैशांचा विषयही पथकाने टाळू नये. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती प्रौढ व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमते. त्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करायचा असतो. आईवडील हयात नसलेल्या निवासींचे पासबुक कोणाच्या ताब्यात आहे, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान कोण काढते आणि ते कशावर खर्च होते, हे विचारले की बऱ्याच गोष्टी आपोआप समोर येतात.

अनोळखी माणसे अचानक घरात शिरली की मंडळी बिथरतात, असा आक्षेप संस्थाचालक घेतील. तो खोटा नाही. स्वमग्न व्यक्तींना तर दिनक्रमातला लहानसा बदलही सोसत नाही. म्हणूनच पथक दोघांचेच असावे, त्यांत एक महिला आणि एक विशेष शिक्षक असावा. त्यांनी मोठ्या आवाजात प्रश्न विचारत फिरण्यापेक्षा सरळ पंगतीत बसून जेवावे. ‘इथे बरे वाटते का?’ या प्रश्नाला सगळेच मान डोलावतात. ‘तुझी गादी कुठली, दाखव’ म्हटले की माणूस उठून हाताला धरून नेतो आणि मग जे दिसायचे ते दिसते. बोलता न येणाऱ्यांसाठी चित्रांची कार्डे बरोबर ठेवावीत आणि त्या वेळी संस्थाचालकांनी दुसऱ्या खोलीत थांबावे.

त्रुटी सापडल्या म्हणून लगेच टाळे ठोकण्याची घाईही नको. सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांनी आपल्या पन्नाशीतल्या मुलाला पुन्हा घरी न्यायचे म्हटले, तर ते कसे निभावणार? रात्रपाळीला दुसरी मावशी ठेवायची तर तिचा पगार लागतो. त्यासाठी अनुदान किंवा निदान मुदत मिळाली पाहिजे, आणि मुदत संपल्यावर त्याच पथकाने पुन्हा न सांगता जाऊन पाहिले पाहिजे. दिव्यांग कल्याण विभागाने तपासणीच्या आदेशातच संध्याकाळच्या वेळेचा स्पष्ट उल्लेख करावा आणि अहवालाची एक प्रत प्रत्येक निवासीच्या पालकांना पाठवावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विशेष शिक्षिका, सातारा